पाव फेरा

खुर्ची कमी पडली म्हणून ललितनं
मशीनजवळचं स्टूल आणून दिलं.
डावा हात मांडीवर घेऊन बसलो,
त्यात फिश्चुला गुरगुरत होता;
कोणी त्यावर टेकू नये, एवढंच बघत.

अडीच वर्षं ही बैठक दर महिन्याला होते.
अडीच वर्षं मी दाराबाहेरच्या बाकावर
आणि आत माझी फाईल.
काचेतून दिसायचं, डॉक्टर नेमा पान उलटतात,
आहारवाल्या पोरवालबाई मान हलवतात,
म्हणजे पोटॅशियम. नाहीतर केळं.
शेवटी दार किलकिलं व्हायचं,
"फणसेजी को समझा दो."
आणि मला समजावलं जायचं.

आज नव्या डॉक्टर, अंजुम काझी, म्हणाल्या,
"अंदर आइए. बात तो आप ही की है."

मला बैठकी नव्या नाहीत.
छत्तीस वर्षं इंदूरच्या पाण्यात काढली,
टाकीवर व्हॉल्व्हमन, मग जरा वर,
मग झोनच्या बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची.
जलूदहून नर्मदा चढते किती, वाटेत गळते किती,
कुठल्या गल्लीला चाळीस मिनिटं, कुठल्या गल्लीला वीस.
ज्याचा नळ, तो तिथे कधी नसे.
एकदाच गाडी अड्ड्याकडची एक बाई आली,
रिकामी कळशी तिनं नकाशावर ठेवली,
बरोबर स्वतःच्या गल्लीवर,
आणि काही बोलली नाही.
साहेबांनी चहा मागवला.
इतिवृत्तात ती बाई नाही.
इतिवृत्त मीच लिहीत होतो.

तर प्रश्न असा होता, की दोन डायलिसिसच्या मध्ये
वजन साडेतीन किलो वाढतंच कसं.
मीठ, म्हणाल्या पोरवालबाई.
काटा तपासू, म्हणाला ललित.
वय, म्हणाले नेमा, फाईलकडे बघून.
मग काझीबाई माझ्याकडे वळल्या आणि थांबल्या.
थांबल्या म्हणजे खरंच थांबल्या,
पेन खाली ठेवून.

साडेपाचला नळ येतो, मी म्हणालो.
त्याआधी पाइपात हवा खोकते,
मला जाग येते. जुनी सवय.
ही झोपलेली असते.
मी ओंजळ धरतो, पाणी ठीक आलं का बघायला.
लिटरभराचा हिशोब वहीत लिहितो हो मी,
चहा, गोळ्यांचे घोट, वरणसुद्धा.
ओंजळ लिहीत नाही.
किती ओंजळी?
मोजल्या नाहीत.
मोजल्या. सात. कधी नऊ.

कोणी ओरडलं नाही, त्याचंच जास्त लागलं.
ललित छताकडे बघत राहिला.

आणि आणखी एक, मी म्हणालो, तोंड आता उघडलंच होतं,
शेवटच्या तासाला पोटरीत गोळा येतो
तो तुम्ही पाणी भसकन ओढता म्हणून.
भरल्या लाइनीचा व्हॉल्व्ह एकदम फिरवला
की धक्का उलटा फिरतो, जोड फुटतो;
मी पाहिलेत फुटलेले, रस्ता उचलला जातो.
पाव फेरा द्यायचा. थांबायचं. कान लावायचा.
मग पुढचा पाव.

नेमा हसले. शरीर म्हणजे पाइपलाइन नव्हे, फणसेजी.
नव्हेच, मी म्हणालो. पाइपाला पोटरी नसते.

हळू ओढायचं तर चाराऐवजी पाच तास, काझीबाई म्हणाल्या.
पाच म्हणजे हिची शेवटची सिटी बस गेली,
म्हणजे रिक्षा, म्हणजे आठवड्याला तीनदा रिक्षा.
घासाघीस झाली, सराफ्यात होते तशी.
साडेचारवर जमलं.
ओंजळींतल्या दोन मला राहिल्या,
चहातून वळत्या करून.
पोरवालबाई लिहून घेत होत्या. दोन ओंजळी.
म्हणजे किती मिली?
मी हात पुढे केला, उजवा.
त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

उठताना विचारलं, ह्याचं इतिवृत्त कोण लिहितं?
ललित.
मग लिही बाबा, फणसे मुकुंद, हजर.

बाकावर ही पिशवी आवरत बसली होती.
काय म्हणाले?
नेहमीचाच प्रश्न.
मला आठवावं लागलं,
आधी कोण बोललं ते.